ऑपरेशन झालंय, मग आता निरोध कशाला?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात तिशी-पस्तिशीच्या विवाहित बाईजवळ निरोधचा विषय काढा. ती आधी इकडंतिकडं बघेल, मग पदर नीट करत म्हणेल, "आमचं ऑपरेशन झालंय की!" विषय तिथंच संपतो. तिच्या दृष्टीनं उत्तर बरोबरच असतं. दोन मुलं झाली, ऑपरेशन झालं, दिवस जायची धास्ती गेली. मग त्या पाकिटाचं घरात काम काय?

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांपासून बायका स्वतःला का जपतात, का जपत नाहीत, हे समजून घ्यायचं तर या एका वाक्यापासूनच सुरुवात करावी लागते. ऑपरेशन, तांबी, माला-डी यांतलं काहीही दिवस जाऊ देत नाही, पण जंतू मात्र अडवत नाही. दोन्ही कामं एकदम करणारी वस्तू एकच, निरोध. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 21 या काळात झाली. तिच्यानुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. गर्भनिरोधक म्हणून निरोधवर भिस्त असलेल्या होत्या 9.5 टक्के. पुरुष नसबंदीचा आकडा तर 0.3 टक्के. मुलं थांबवायची जबाबदारी बाईच्या पोटावर टाकून आपण मोकळे झालो, आणि त्याच वेळी जंतूंसाठी दार उघडं राहिलं.

यात बायकांचा दोष कमी आणि सरकारी प्रचाराचा जास्त, असं माझं मत आहे. 'निरोध' हा सरकारी ब्रँड 1968 साली आला तोच कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घेऊन. आजार टाळण्याचं साधन म्हणून त्याची जाहिरात सुरू झाली ती एड्सच्या काळात, आणि तेव्हाचा सूर असा होता की हे 'तसल्या' लोकांसाठी आहे. त्यामुळं संसारी बाईच्या डोक्यात निरोधच्या दोनच जागा राहिल्या : पाळणा लांबवायचा असेल तर, नाहीतर नवरा बाहेरख्याली असेल तर. पहिली गरज ऑपरेशननं संपते. दुसरी गोष्ट तोंडानं काढायची कुणाची छाती आहे?

आधी आजारांबद्दल थोडक्यात. लैंगिक संबंधातून पसरू शकणारे जंतू तीसहून अधिक आहेत. त्यांतले आठ जास्त त्रासाचे. सिफिलिस म्हणजे जुन्या लोकांची गरमी, गोनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार औषधानं पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे चार विषाणू. त्यांना औषधानं किंवा लसीनं आवर घालता येतो, पण गोळ्या घेतल्या आणि मुळासकट गेले असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पहिल्या चार आजारांची 2020 या एका वर्षात जगभरात 37.4 कोटी नवी लागण झाली. तेव्हा हा काही मूठभर बदनाम लोकांचा आजार नाही.

शरीराची रचनाही बाईच्या बाजूनं नाही. योनीचं अस्तर मोठं आणि नाजूक, वीर्य आत बराच वेळ राहतं, आणि कोवळ्या वयात गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी जंतूंना सहज वाट देतात. त्यामुळं एकाच संबंधातून पुरुषाकडून बाईला लागण होण्याची शक्यता बहुतेक आजारांत उलट्या दिशेपेक्षा जास्त असते. आणखी एक अडचण आहे. पुरुषाला परमा झाला तर लघवीला जळजळ होते, पू दिसतो, तो दोन दिवसांत डॉक्टर गाठतो. बाईला क्लॅमिडिया किंवा परमा झाला तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही. आतल्या बाजूला असेल तर दिसतही नाही. जंतू मात्र वर सरकत गर्भाशय आणि बीजवाहिन्यांपर्यंत जातो. मग वर्षानुवर्षं ओटीपोट दुखणं, मूल न होणं, नळीत गर्भ राहणं. मूल होत नाही म्हणून सासरचे बोल खाणाऱ्या कित्येक जणींच्या बाबतीत मुळाशी नवऱ्याकडून आलेली, कुणालाच न कळलेली लागण असू शकते.

माहिती असते, मग घोडं अडतं कुठं?

माणूस आजार टाळण्यासाठी काही करतो ते केव्हा, हा प्रश्न अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात हाती घेतला होता. क्षयरोगाची छातीची तपासणी फुकट, गाडी दारात, तरी लोक येत नव्हते. त्यांनी मांडलेला हिशोब साधा आहे. मला हा आजार होऊ शकतो असं मनापासून वाटलं पाहिजे. झाला तर बरंच नुकसान होईल असं वाटलं पाहिजे. उपायाचा उपयोग आहे अशी खात्री हवी, आणि त्या उपायाची किंमत, म्हणजे पैसा, वेळ, लाज, भांडण, ही फायद्यापेक्षा कमी हवी. शिवाय कुणीतरी, काहीतरी ढोसणारं लागतं : शेजारणीचा आजार, आशाताईची भेट, दवाखान्यातला फलक. पुढं 1988 मध्ये यात एक गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे 'हे मला जमेल' हा विश्वास.

हा हिशोब हेल्मेटला चांगला लागू पडतो. पण हेल्मेट आपण आपल्याच डोक्यावर घालतो. इथं बाईला ते दुसऱ्याला घालायला लावायचं आहे, तेही तो गाडी सुरू करून बसलेला असताना. या फरकामुळं सगळं गणित बदलतं.

पहिली पायरी घेऊ : मला होऊ शकतं, असं वाटणं. आपल्याकडं लग्न हेच संरक्षण मानलं जातं. "मी कुठं वावगं वागले नाही, मला कशाला होईल?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, फक्त त्यात नवऱ्याचा हिशोब धरलेला नाही. पुण्यात डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 96 या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी केली होती. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 49.9 टक्के निघालं, त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नसेल. पण शरीरविक्रय न करणाऱ्या, बहुतेक करून विवाहित आणि नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या स्त्रियांमध्येही ते 13.6 टक्के निघालं. हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, सगळ्या पुण्यातल्या बायकांचे नव्हेत, आणि आज महाराष्ट्रात एचआयव्हीचं प्रमाण त्या काळापेक्षा खूप खाली आलं आहे. तरी 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानं एक गोष्ट कायमची सांगितली : या बायकांचा धोका त्यांच्या स्वतःच्या वागण्यावर ठरत नव्हता.

कोल्हापूरच्या बाबतीत हा विचार करून बघा. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले. गिरणीत होते, आता इतर कामांवर आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो, त्यावर ट्रक चालवणारे आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर परगावची, परराज्यातली माणसं एकटी राहतात. यातला प्रत्येक जण बाहेर भानगडी करतो असं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. म्हणायचं इतकंच की महिनोन्‌महिने लांब राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यातलं सगळं बायकोला ठाऊक असेलच, असं नाही. आणि गणपतीला तो घरी आल्यावर तिनं त्याच्यापुढं पाकीट धरायचं म्हणजे?

"माझ्यावर संशय घेतीस व्हय?"

खरी गाठ इथं आहे. निरोध मागणं हे संसारात दोनच अर्थांनी ऐकलं जातं. एक तर 'तुमचा भरवसा नाही', नाहीतर 'माझंच काहीतरी बाहेर आहे'. पहिल्यातून भांडण, दुसऱ्यातून मार. लागण झाली तर ती काही वर्षांनी दिसेल किंवा दिसणारही नाही. भांडण मात्र आज रात्रीच होणार. माणूस लांबच्या संकटापेक्षा जवळचं संकट टाळतो. बाई गप्प बसते ती अडाणी म्हणून नव्हे. तिनं दोन धोके तोलून पाहिलेले असतात, आणि तिच्या जागेवरून तो तोल बहुधा चुकीचाही नसतो.

सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 82 टक्के स्त्रियांनी सांगितलं होतं की इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो. आकडा ऐकून बरं वाटतं. पण एखाद्या रात्री 'आज नको' म्हणणं वेगळं आणि 'हो, पण हे वापरूनच' म्हणणं वेगळं. पहिल्याला डोकं दुखतंय हे कारण पुरतं. दुसऱ्याला कारण काय द्यायचं?

समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी 1987 साली स्त्री-पुरुषांमधल्या सत्तेची मांडणी केली. कामाची आणि पैशाची वाटणी, हुकूम कुणाचा चालतो ते, आणि चांगली बाई कुणाला म्हणायचं याचे संकेत, अशा तीन धाग्यांनी ही सत्ता विणलेली असते. जीना विंगूड आणि राल्फ डिक्लेमेंटी या अभ्यासकांनी 2000 साली हीच मांडणी बायकांच्या एचआयव्हीच्या धोक्याला लावून दाखवली. हे धागे आपल्याकडं बघायला फार लांब जायला नको. पगार नवऱ्याच्या खात्यात, दवाखान्याला पैसे मागायचे तर कारण सांगायचं, हा एक. घरात शेवटचा शब्द त्याचा किंवा सासूचा, हा दुसरा. आणि 'या गोष्टी' जिला माहीत आहेत ती बाई बरी नव्हे, हा तिसरा. या तिसऱ्या धाग्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी नव्या नवरीनं निरोधचं नाव काढलं तर पहिला प्रश्न येतो, "तुला गं हे कसं ठाऊक?"

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1919 साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. शंभर वर्षांपूर्वी ज्या संस्थानात उंबऱ्याच्या आतला अन्याय सरकारच्या अखत्यारीत येत होता, तिथं आजही उंबऱ्याच्या आतली ही एक गोष्ट बोलायची सोय नाही.

शेजारच्या सांगलीत बायकांनी काय केलं

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. सांगलीत 1992 पासून 'संग्राम' ही संस्था मीना सेषू यांच्या पुढाकारानं शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करत आली. पुढं 1996 मध्ये या स्त्रियांनी स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, लोकांच्या तोंडी 'व्हॅम्प'. निरोध वाटायचं आणि समजावून सांगायचं काम त्याच वस्तीतल्या बायका करू लागल्या.

यात युक्ती काय होती? एकटी बाई गिऱ्हाइकाला म्हणाली, 'निरोध नाही तर चालता हो', तर तो शेजारच्या दारात जातो. तिचा धंदा बुडतो, शेजारणीला लागण होते. पण गल्लीतल्या सगळ्यांनीच तेच उत्तर द्यायचं ठरवलं तर गिऱ्हाइकाला जायला दुसरं दार उरत नाही. मग घासाघीस करायचा प्रश्नच येत नाही. तो गल्लीचा रिवाज होतो. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या कामातही हेच दिसलं. बळ एकटीच्या धिटाईवर अवलंबून राहिलं नाही, ते सगळ्यांच्या ठरावात आलं.

आता याचीच दुसरी बाजू. जगभरातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं की गिऱ्हाइकाबरोबर न चुकता निरोध वापरणारी बाई तिच्या कायमच्या माणसाबरोबर, ज्याला इकडं 'मालक' म्हणतात, तो वापरत नाही. बाई तीच, माहिती तीच, पाकीट उशाखालीच. फरक इतकाच की इथं प्रेम आणि भरवसा आहे, आणि निरोध म्हणजे परकेपणा. म्हणजे घरातल्या बाईची आणि तिची अडचण शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते. आमच्याकडं संसारी बायकासुद्धा नवऱ्याला 'मालक'च म्हणतात, हे जाता जाता.

संसारी बायकांना सगळ्यांनी मिळून ठराव करायची सोय नसते. प्रत्येकीची खोली वेगळी, भांडण वेगळं. तरी बायकांचा गट, हातात थोडा पैसा आणि मोकळं बोलणं एकत्र आलं तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो भागात तपासलं गेलं. गरीब बायकांना छोटी कर्जं आणि त्याच बैठकांत स्त्री-पुरुष संबंध, मारझोड, एचआयव्ही यांवर चर्चा, असा तो कार्यक्रम. दोन वर्षांत जोडीदाराकडून मार किंवा जबरदस्ती सोसण्याचं प्रमाण 55 टक्क्यांनी घटलं, असा निष्कर्ष 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एचआयव्हीची नवी लागण मात्र गावपातळीवर कमी झालेली दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण गटातल्या तरुण बायका घरात या विषयावर जास्त बोलू लागल्या आणि तपासणीला जास्त जाऊ लागल्या. कोल्हापुरात गल्लीगल्लीत बचत गट आहेत. हप्ता, पापड, कर्जफेड झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला देणारी एखादी सिस्टर महिन्यातून एकदा आली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

"अंगावरून जातंय" आणि पुढचा प्रवास

बाईच्या तोंडून या विषयाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. अंगावरून पांढरं जाणं. यातलं सगळंच आजारपण नसतं. पाळीच्या चक्रात पातळ, वास नसलेला स्राव येतोच. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी, ती संबंधातून आलेली नसते. पण हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, घाण वास, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखम, यांतलं काहीही असेल तर थांबू नये.

बायका मात्र थांबतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, तिचा निष्कर्ष 1989 साली जगापुढं आला. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि यापूर्वी कधी तरी आतली तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ते गाव आणि तो काळ वेगळा. पण 'बाईच्या जातीला एवढं असायचंच' हा समज अजून तसाच आहे. जे सगळ्यांनाच होतं त्याला आजार कोण म्हणणार?

मग पहिली मजल मेडिकलवाल्यापर्यंत. तीही स्वतः न जाता, मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन. एक गोळी मिळते, खाज थांबते, जंतू कोणता होता ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं. त्यानं योनीतले चांगले जंतू मरतात आणि लागण व्हायला रान मोकळं होतं.

यापेक्षा सोपी आणि फुकट वाट आहे, फक्त ती फारशी कुणाला माहीत नाही. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो. तिथं लक्षणांवरून औषधांचे रंगीत किट देतात. करडा किट गर्भाशयाच्या तोंडाच्या लागणीला आणि पुरुषाच्या परम्याला, हिरवा योनीतल्या स्रावाला, पांढरा जखमेला, लाल हर्पिसच्या फोडांना, पिवळा ओटीपोटाच्या दुखण्याला. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल त्यांना पांढऱ्याऐवजी निळा. काळा किट जांघेतल्या गाठीला. लॅबचा अहवाल यायची वाट न बघता त्याच भेटीत औषध सुरू होतं, कारण बाई दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. ही पद्धत आखणाऱ्यानं बायकांचं जगणं जवळून पाहिलेलं असणार.

अडचण आहे ती ओळखीच्या चेहऱ्यांची. कोल्हापूर शहर म्हटलं तरी शेवटी मोठं गावच. केसपेपरच्या रांगेत नणंदेची जाऊ भेटते, "काय गं, काय झालंय?" म्हणून विचारते. गावच्या उपकेंद्रात आशाताई भावकीतली. म्हणून गडहिंग्लजची बाई कोल्हापूरला येते, कोल्हापूरची मिरज-सांगली गाठते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून सुरू झालं. त्याचा हेतू काही वेगळाच असेल, पण ओळख नसलेल्या दवाखान्यापर्यंत एकटीनं जाण्याची किंमत त्यानं निम्मी केली. एखादी आरोग्य योजना जे करू शकत नाही ते कधी कधी एसटी करते. दवाखान्यात पोचल्यावर समोरचा माणूस कसा बोलतो यावर बाकीचं ठरतं. "लग्न झालंय का?" हा प्रश्न दहा जणांसमोर मोठ्यानं विचारला गेला, तर वीस वर्षांची अविवाहित मुलगी पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाही.

या मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. त्यांना भीती असते ती दिवस जाण्याची. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळं तातडीची गोळी त्यांना माहीत आहे, ती मेडिकलमध्ये मिळते. ती गोळी लागण अडवत नाही हे मात्र जाहिरात सांगत नाही. गर्भ दिसतो, म्हणून त्याची भीती मोठी. जंतू दिसत नाही. ऑपरेशन झालेल्या पस्तिशीच्या बाईचा आणि गोळी घेऊन निर्धास्त झालेल्या कॉलेजातल्या मुलीचा विचार शेवटी एकच आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक असतात. कॉलेजातल्या मुलींपर्यंत हे नाव पोचलेलं नाही, हे कॉलेजांचं अपयश आहे.

आणि ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही अशा बायका दर हंगामात आपल्या शिवारात येतात. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. पाणी नाही, आडोसा नाही, पाळीतसुद्धा मोळ्या वाहायच्या. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं अंगावर काढायचं, आणि मग कुणीतरी खाजगी डॉक्टर सांगतो की पिशवीच काढून टाका. बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 साली इतकं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बाईला निरोधवर व्याख्यान देऊन काय होणार? तिला आधी बिनखाड्याची एक दिवसाची सुट्टी लागेल.

नवऱ्याला न विचारता करता येण्यासारखं

निरोध पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून आहे. सगळे उपाय तसे नाहीत, आणि बाईच्या हातात जे आहे त्यावर आपण पुरेसा भर देत नाही. त्यात सगळ्यात वर येते एचपीव्हीची लस. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग जवळपास सगळाच या विषाणूमुळं होतो, आणि भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल तोच. हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतो, म्हणून निरोध त्याला अर्धवटच अडवतो. लस 9 ते 14 या वयात, संबंध सुरू होण्याआधी दिली तर सगळ्यात चांगली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' 2023 मध्ये बाजारात आली, आधीच्या परदेशी लसींपेक्षा स्वस्त. मुलीला कशावरची लस देतोय हे सांगायला आया कचरतात. 'कॅन्सरची लस' एवढंच सांगितलं तरी ते खरंच आहे.

मोठ्या बायकांसाठी तपासणी. हिचा जगाला पुरावा मिळाला तो आपल्याच महाराष्ट्रातून. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयानं 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 चा. एकदाच, आणि नवऱ्याची सही न घेता.

गरोदरपणातली रक्ततपासणीही अशीच. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तिथं बघतात. उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के, वेळेत उपचार मिळाले तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. सिफिलिसचं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर भागतं. या तपासणीत एक सोय अशी की कुणावर संशय घ्यावा लागत नाही. 'सिस्टरनी सांगितलंय' हे कारण प्रत्येक घरात चालतं.

हीच सोय निरोधच्या बोलण्यातही वापरता येते, आणि अनुभवी समुपदेशक ती वापरतात. 'तुमच्यावर भरवसा नाही' ऐवजी 'डॉक्टरांनी दोन महिने सांगितलंय, आत सूज आहे'. ऑपरेशन झालं नसेल तर 'गोळीनं मला चक्कर येते'. कुणी म्हणेल, ही लबाडी झाली. असेल. जिला सरळ बोलून मार बसणार आहे तिला सत्यवचनाचा उपदेश करायला मी तरी जाणार नाही. नवरा समजूतदार असेल तर सरळच बोलावं, आणि वेळ निवडावी ती दिवसा, चहाच्या वेळची. अंथरुणावर हा विषय काढला तर तो नकारासारखाच ऐकू येतो.

लागण झाल्याचं कळलं तर दोघांनीही औषध एकाच वेळी घ्यायला हवं. एकीचंच झालं तर महिन्याभरात ती पुन्हा तिथंच. उलटंही बऱ्याचदा घडतं : नवरा परस्पर कुठंतरी इंजेक्शन घेऊन बरा होतो आणि बायकोला सांगत नाही. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदाराचंही औषध मिळतं. औषधाचा कोर्स संपून आणखी आठवडाभर तरी संबंध टाळावा, नाहीतर निरोध वापरावा.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा बाईच्या बाजूनं आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यानुसार समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरीत, उपचारात, घरात राहण्याच्या हक्कात भेदभाव चालत नाही. दवाखान्यात जायच्या आधी नुसतं विचारून बघायचं असेल तर 1097 हा फुकट नंबर आहे. मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर बोलून झाल्यावर नंबर पुसून टाकावा.